टोकं कोणत्या बाजूला

बैठक पेट्या भरायच्या शेडमध्ये घ्यायची, हे आक्कांनी ठरवलं. वरच्या घरात धाकटे पाऊल टाकणार नव्हते, खालच्या घरात थोरले टाकणार नव्हते, आणि आक्कांच्या शहरातल्या खोलीत तीन माणसं बसली की चौथ्याला दार उघडता येत नसे. शेड सामाईक होती. म्हणजे तिचं गळणं सामाईक होतं. दुरुस्ती कुणाचीच नव्हती.

थोरले दहा मिनिटं आधी आले. बाजारपेठेतले वजनकाटे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बसण्याआधी त्यांनी उपडी पेटी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, ती समतोल नाही असा निर्णय दिला आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. धाकटे दहा मिनिटं उशिरा आले आणि समोरच्या पेटीवर धपकन बसले. ती मोडली नाही, याचं दोघांनाही थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"आक्का, त्यांना विचार, अर्ज वाचला का," धाकटे म्हणाले.

"त्यांना म्हणावं, वाचला," थोरले म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी हे दोघं एकमेकांना 'दादा' आणि 'छोट्या' म्हणत. आता दोघंही 'ते' झाले होते. या घरात आदर वाढला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

दोघांच्या मधली बहीण म्हणजे आक्का. त्या थोरल्यांपेक्षा लहान होत्या, तरी थोरलेही त्यांना आक्काच म्हणत. दुसरं काही म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. कोर्टात तीस वर्षं टंकलेखन केल्यामुळे कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय त्या हातावेगळा करत नसत. त्यांनी अर्ज मांडीवर सरळ केला.

अर्ज वनखात्याला होता. जमिनीत अडकलेली तेवीस हरणं मारायची परवानगी मागणारा. जमीन तिघांची, म्हणून सह्या तीन हव्या होत्या, आणि उद्या दुपारी बाराच्या आत. धाकट्यांची सही झाली होती.

हरणांशी या घराचं भांडण तीन पिढ्यांचं. आजोबांनी दगडी बांध घातला होता. हरणं तो ओलांडत आणि वारा लागू नये म्हणून त्याच्याच आडोशाला बसत. वडिलांनी काटेरी कुंपण लावलं. ते हरणांनी खाल्लं. मग या दोघा भावांनी खालच्या सगळ्या जमिनीभोवती आठ फुटी तारेची जाळी उभी केली. जाळीनं काम चोख बजावलं. एक कोल्हा आत येऊ शकला नाही, एक ससा बाहेर जाऊ शकला नाही. हरणं तेवढी आत होती.

दोन हिवाळ्यांत त्यांनी धाकट्यांच्या नासपतीच्या दोन लागवडी सालीसकट सोलून खाल्ल्या होत्या. ही तिसरी. तीनशे दहा रोपं, आणि कळ्या आता पंधरवड्यात फुटणार. ही गेली तर आपण शेत सोडून लेकीकडे राहायला जाणार, पाचव्या मजल्यावर, असं धाकट्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. नुसतं सांगितलं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्यांनी छाटणीची कात्री तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. आणि धाकटे उगाच काही गुंडाळून ठेवणारे नव्हते. त्यांच्या बायकोला हे चौतीस वर्षांच्या आवराआवरीवरून माहीत होतं.

"सहाव्या रकान्यात काय लिहिलंयस हे?" आक्कांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय लिहायचं? 'प्राणी आत येण्याचे कारण' विचारलंय. कारण लिहिलंय."

आक्कांनी मोठ्यानं वाचलं, "'मुख्य फाटक वारंवार उघडे राहणे', कंसात, 'थोरले बंधू'."

"यावर मी सही करणार नाही," थोरले म्हणाले.

"खोटं आहे का?"

"त्यांना म्हणावं, चाळीस वर्षं मी लोकांचे काटे सील केलेत. लावलेली कडी मी दोनदा ओढून बघतो."

"हो, आणि तिसऱ्यांदा ओढताना उघडते ती!"

"अरे, निदान कंस तरी काढ," आक्का म्हणाल्या. "कंसात माणसाला घालत नाहीत. कोर्टात आम्ही आरोपीला पिंजऱ्यात घालायचो, पण कंसात कधी नाही."

*

धाकट्यांची बायको फळं निवडायच्या टेबलापाशी उभी राहून कपात चहा ओतत होती. मापाच्या कड्यांचा जुडगा खिळ्याला लटकत होता: लहान, मध्यम, मोठं. दोन वर्षांत त्यांतून एक नासपती गेली नव्हती.

पाचव्या मजल्यावर जायचं तिच्या मनात नव्हतं. लेकीच्या घरी सगळं छान होतं. तिथे पाय पसरून बसता येत होतं आणि बसल्यावर करायला काही नव्हतं. पण नवऱ्याला 'जाऊ नका' म्हटलं की तो उद्याच निघेल, आणि 'जाऊ या' म्हटलं तर परवा. म्हणून ती तीन वर्षं काहीच म्हणाली नव्हती आणि आतून दोन कामं करून बसली होती. एक, तिनं वेल्डरला बोलावलं होतं, जाळी आणखी दोन फूट उंच करायला. माप घ्यायला तो आजच यायचा होता. आणि दुसरं, तीन आठवड्यांपूर्वी तिनं थोरल्यांच्या मुलीला गुपचूप फोन केला होता.

ही पुतणी जनावरं मोजायच्या नोकरीत होती. रानात कॅमेरे बांधायचे, कुठलं जनावर किती वेळा गेलं ते लिहायचं. घरात तिला सगळे मोजणी म्हणत.

"मोजणे," काकी फोनवर म्हणाली होती, "तुझा एक कॅमेरा आपल्या मुख्य फाटकाला बांध. तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस आणि काकांना तर नाहीच नाही. काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

"काकी, बाबाच निघाले तर?"

"तर तू आणि मी मिळून ठरवू, काय निघालं ते."

*

मोजणी त्या दुपारी शेडकडे यायला मुद्दामच जाळीच्या कडेनं आली. हा रस्ता लांबचा होता, पण घरच्यांपुढे उभं राहण्याआधी तिला थोडं चालायचं होतं.

जाळीच्या दोन बाजूंना दोन देश झाले होते. आत गवत न्हाव्यानं मशीन फिरवल्यासारखं जमिनीलगत. बाहेर डोंगराच्या अंगाला तीन वर्षं कुणी तोंड लावलं नव्हतं. झुडपं खांद्याला लागत होती, वाळलेलं गवत एकावर एक पडून गादी झालेलं. एक काडी पेटली तर डोंगर पेटेल, असं तिनं वहीत लिहिलं होतं. आणि जाळीला लागून, आतून एक आणि बाहेरून एक, अशा दोन पायवाटा पडलेल्या. आतली माद्यांची. बाहेरची एका नराची. तो रोज येऊन जाळीच्या पलीकडून चालत होता आणि त्या अलीकडून. एका खांबापाशी दोन्ही बाजूंची माती उभं राहून राहून खोल गेली होती.

तारेखाली एका ठिकाणी उकरलेलं होतं. कोल्हा. प्रयत्न करून गेला होता बिचारा. त्याला वाट नाही म्हणून काकीच्या कोठारात उंदीर माजले होते. या जमिनीवर कोण कुणाला खाऊन कुणाचं भलं करत होतं, याची यादी जाळी लावताना कुणी केली नव्हती. करायची तरी कुणी? सगळे हरणांवर चिडलेले.

ती शेडमध्ये शिरली तेव्हा बाबा आणि काका आक्काआत्याशी एकाच वेळी बोलत होते.

"आली का मोजणी," आत्या म्हणाल्या. "बस. तुझे बाबा कंसात आहेत."

"मला दाखवायचंय काहीतरी." तिनं टॅबलेट टेबलावर उभा केला आणि काकीकडे पाहिलं. काकीनं चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवला. "मुख्य फाटकावर मी एकवीस दिवस कॅमेरा लावला होता."

"कुणाला विचारून?" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"मला विचारून," काकी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

फोटो सरकू लागले. धाकटे फाटक लावताना. काकी फाटक लावताना. शेजारची मांजर फाटकाच्या खांबावर बसून कुणाचीही पर्वा न करताना. थोरले कडी घालून ओढताना. थोरले कडी पुन्हा ओढताना. एका फोटोत थोरले दहा पावलं जाऊन परत येऊन कडी ओढताना.

"हरणं?" धाकट्यांनी विचारलं.

"एकही नाही. एकवीस दिवसांत मुख्य फाटकातून एकही हरीण आलेलं नाही, काका. फाटक कधी उघडं राहिलेलं नाही."

थोरल्यांनी मांडीवरची धूळ झटकली. मांडीवर धूळ नव्हती.

"थांब थांब," धाकटे पुढे झुकले. "हा कसला फोटो? वेळ बघ. पहाटे पावणेपाच. हे इथे काय करतायत? हातात काय आहे?"

"डबा," मोजणी म्हणाली. "आणि पळी. बाबा रोज पावणेपाचला आत येतात आणि साडेसहाला जातात. एकवीसच्या एकवीस दिवस."

"बघ आक्का! रोपांमध्ये अकरा नंबरच्या बुटांचे ठसे सापडतात, मी म्हणत नव्हतो? काय चाललंय रोज पहाटे माझ्या रोपांत?"

सगळे थोरल्यांकडे बघू लागले. कुणाचा काटा पकडला की दुकानदार कसा उभा राहतो, हे थोरल्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आता ते तसेच उभे राहिले.

"डबा वाजवतो," ते म्हणाले.

"काय?"

"हरणं पहाटे सालीला लागतात. डबा वाजवला की उठतात. मग मी त्यांना हाकलत वरच्या कोपऱ्यापर्यंत नेतो." ते बोलत होते आक्कांशी, पण आक्का हळूच बाजूला सरकल्यामुळे समोर धाकटेच आले होते. "पहिल्या दोन लागवडी गेल्या, म्हटलं ही तरी... तू सातला उठतोस. तुझ्यानं काय होणार होतं."

त्यातला 'तू' सगळ्यांनी ऐकला.

धाकटे बराच वेळ बुटांकडे बघत राहिले. स्वतःच्या. मग कुठे तरी रागवायलाच हवं म्हणून म्हणाले, "आणि कोपऱ्यात नेऊन काय करतोस?"

"काय करणार? जाळी लागते. तिथे ती थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघतो. मग साडेसहा वाजतात."

"अरे पण वरच्या कोपऱ्यातच तर एकमार्गी फाटक आहे!" आक्का म्हणाल्या. "चुकून आत आलेल्या जनावरानं बाहेर जावं म्हणूनच ना बसवलं ते?"

"आहे की. तिथेच आहे. पण इतकी मूर्ख जनावरं, तिकडे तोंडसुद्धा करत नाहीत."

"कशी करतील?" दारातून कुणीतरी म्हणालं. "डोळे फुटतील की त्यांचे."

*

हा वेल्डर. त्याला सगळे ठिणगी म्हणत, आणि स्वभावानं तो ओल्या लाकडाइतका थंड होता. मोजपट्टी गळ्यात घालून तो बऱ्याच वेळचा दारात उभा होता. ही जाळी आणि तिची दोन्ही एकमार्गी फाटकं त्याच्याच हातची.

"काय म्हणालास?" धाकट्यांनी विचारलं.

"एकमार्गी फाटक कसं असतं, धाकटे भाऊ? दोन्ही बाजूंनी वाकवलेल्या सळ्या, मध्ये वीतभर फट." त्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरली. "मागून जनावर घुसलं की सळ्या वाकतात, ते निघून जातं, सळ्या परत मिटतात. पुढून यायला गेलं तर टोकं छातीत. म्हणजे जिकडे टोकं, तिकडे जायची वाट. आता तुमची टोकं शेताकडे. डोंगरावरचं जनावर मस्त आत येणार. आतलं जाणार कसं?"

छपरावरून चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू आली.

"म्हणजे तीन वर्षं," मोजणी सावकाश म्हणाली, "आपण हरणं आत घ्यायचं यंत्र चालवतोय."

"दोन यंत्रं," ठिणगीनं दुरुस्ती केली.

"ठिणग्या!" धाकट्यांना हवा होता तो माणूस एकदाचा सापडला. "उलटी बसवलीस तू फाटकं! माझ्या दोन लागवडी गेल्या, सख्ख्या भावाशी तीन वर्षं मी..."

"चिठ्ठीबरहुकूम बसवलीत," ठिणगी म्हणाला, आणि बाहेर गाडीपाशी जाऊन हत्यारांच्या पेटीचं झाकण घेऊन आला. झाकणाच्या आतून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, एकाला एक लागून. लोक लोखंडापेक्षा लवकर वाकतात, असा त्याचा अनुभव होता.

आक्कांनी झाकण उजेडाकडे धरलं. अक्षर थोरल्यांचं होतं, सरळ रेषेत, शिक्का मारल्यासारखं. "'फाटके दोन. सळ्यांची टोके बाहेरच्या बाजूस.' पूर्णविराम आहे."

"मग? बरोबर लिहिलंय," थोरले म्हणाले.

"बरोबरच लिहिलंय," धाकटे म्हणाले.

"मलाही वाचून तसंच वाटलं," ठिणगी म्हणाला. "पण बसवताना शंका आली. म्हणून वरच्या घरी जाऊन विचारलं, मोठे भाऊ, बाहेर म्हणजे नक्की कुठे? तुम्ही खिडकीतून हात केलात."

"शेताकडे केला असेन. बाहेर म्हणजे शेतच."

"तसाच केलात. तरी मन मानेना. हा तर घास त्यांच्या तोंडात घालणं झालं. म्हणून खाली येऊन धाकट्या भाऊंना विचारलं."

"मला?" धाकटे म्हणाले.

"तुम्हाला. तुम्ही शिडीवर होतात. म्हणालात, 'बाहेर म्हणजे बाहेर रे, शेतात, एवढं कळत नाही का?' आता तुम्ही दोघं भाऊ कुठल्याही गोष्टीवर एकसारखं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. म्हटलं, ज्या अर्थी यांचं एकमत आहे, त्या अर्थी बरोबरच असणार."

काय झालं होतं ते आधी काकीला कळलं, कारण ती एकटीच या घरात बाहेरून आलेली होती. आजोबांनी वरचं घर बांधलं तेव्हापासून या घराण्यात 'आत' म्हणजे वरचं घर आणि बाकी पृथ्वी 'बाहेर'. कुणी टोपी घालून निघाला की विचारायचं, "कुठे?" तो म्हणायचा, "बाहेर," आणि नांगर उचलायचा. पुढे धाकट्यांनी शेताच्या मधोमध खालचं घर बांधलं, त्यालाही चार भिंती आणि छप्पर होतं, तरी ते 'बाहेरचं घर'च राहिलं. धाकटे स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून 'बाहेर असतो हल्ली' म्हणत. चौतीस वर्षं ती बाहेर स्वयंपाक करत होती. घरच्या तिघांना यात वावगं असं काही कधी दिसलंच नव्हतं, आणि आताही दिसत नव्हतं.

"बाबा," मोजणी म्हणाली, "जाळी शेताभोवती आहे. म्हणजे शेत आत. जाळीच्या हिशेबानं बाहेर म्हणजे डोंगर."

"डोंगर?" थोरले म्हणाले. "पण डोंगराकडे तर घर आहे."

"हो."

"म्हणजे मी राहतो ते बाहेर?"

"तीन वर्षं झाली बाबा."

थोरल्यांनी हे मनात तोलून पाहिलं. काटा हळूहळू खाली जाताना सगळ्यांना दिसला.

"आणि मी?" आक्का म्हणाल्या. "लग्न करून गेले त्या दिवसापासून मी आतली का बाहेरची, ते एकदा ठिणगीला विचारून घ्या. तोच काय तो विचारतो."

आधी काकी हसली. टेबलाला धरून, तोंडाला पदर नाही की हात नाही, मोकळी हसली. मग आक्कांचा चष्मा हलायला लागला. धाकट्यांनी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण ज्या पेटीवर ते बसले होते ती आता करकरायला लागली.

"मी पण तेच सांगितलं ना रे," ते थोरल्यांना म्हणाले. "शिडीवरून. मीच ओरडलो त्याच्यावर."

"मी तर लिहून दिलं."

"तू लिहिलंस, मी ओरडलो. आणि तीन वर्षं कडीला नावं ठेवली." धाकट्यांनी अर्ज उचलला, सहावा रकाना पाहिला. "आता कारण काय लिहायचं इथे?"

"आता काही लिहायचं नाही," मोजणी म्हणाली. "फाटकं फिरवायची, काका. आजच. अर्धी अधिक आत जन्मलेली असतील, आणि त्यांना मारून उपयोगच नव्हता. टोकं शेताकडे आहेत तोवर डोंगरावरून दुसरी आलीच असती."

"पण जातील का ती? तीन वर्षं इथे आयतं खातायत."

"आयतं संपलंय. जमिनीवर काय उरलंय बघितलंत ना? तुमच्या रोपांच्या साली काही आवडीनं खात नाहीत ती. तिकडे डोंगरावर तीन वर्षांचं ताट वाढून ठेवलंय, आणि नर, शिंगं त्या फटीत मावत नाहीत म्हणून, तिकडूनच हाका मारून मारून दमलाय." तिनं टॅबलेट मिटला. "नक्की सांगता येत नाही. काही वेळा सवयीनं राहतातही."

धाकट्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं चहाच्या किटलीवर झाकण घातलं आणि चप्पल पायात सरकवली. "चला," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर."

*

वरच्या कोपऱ्यातल्या फाटकाला आठ बोल्ट होते. सात पान्यानं निघाले. आठवा गंजून एकजीव झाला होता. त्याच्यावर ठिणगीनं ग्राइंडर लावला, आणि त्या दोन मिनिटांपुरता तो आपल्या नावाला जागला.

चौकट सुटल्यावर एका बाजूला थोरले लागले, दुसऱ्या बाजूला धाकटे. दोघांचं वय मिळून सव्वाशे.

"फिरव, फिरव. बाहेर घे."

"कुठे बाहेर? तुझ्या बाहेर की माझ्या बाहेर?"

"अरे, माझ्याकडे!"

"तू फिरतोयस, तुझ्याकडे म्हणजे कुठे?"

"थांबा दोघंही!" आक्का ओरडल्या. "आजपासून या घरात आत आणि बाहेर बंद. डोंगर म्हणा नाहीतर ओढा म्हणा."

"डोंगराकडे, दादा," धाकटे म्हणाले.

चौकट क्षणभर हवेत थांबली. थोरल्यांची पकड बहुधा सुटली असावी. त्यांनी ती पुन्हा नीट धरली. "डोंगराकडे तर डोंगराकडे," ते म्हणाले. "सावकाश रे, बोटं सांभाळ, छोट्या."

दुसरं फाटक ओढ्याच्या बाजूला होतं. तेही तासाभरात फिरलं. थोरल्यांनी दोन्ही फाटकांची टोकं तळहातानं दाबून पाहिली. दोनदा.

"आणि खाली जमिनीलगत चार-पाच भोकं पाड," मोजणीनं ठिणगीला सांगितलं. "कोल्ह्याला, सशाला जाता-येता आलं पाहिजे."

"कोल्हा आत?" धाकटे दचकले.

"येऊ दे," काकी म्हणाली. "कोठारात येऊन उंदीर बघा माझे, मग बोला. मी कोल्ह्याला ताट मांडीन."

"किती मोठं पाडू?" ठिणगीनं मोजपट्टी काढली. "आणि या वेळी चिठ्ठी द्या. मापासकट. चित्र काढून."

*

मग सगळे शेडमध्ये आले आणि फळ्यांच्या फटींना डोळे लावून बसले. शेडपासून वरचा कोपरा सरळ दिसत होता. बोलायचं नाही, हलायचं नाही, असं मोजणीनं बजावलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे सगळे ऐकत होते.

ऊन पिवळं झालं. कळप रोपांच्या वरच्या ओळींपाशी आला. धाकट्यांच्या हाताची मूठ वळली. थोरल्यांचा हात सवयीनं डब्याकडे गेला, पण डबा नव्हता. एक म्हातारी मादी जाळीलगतच्या पायवाटेला लागली आणि बाकीच्या तिच्या मागून. फाटकाशी ती थांबली. मान लांब करून तिनं सळ्यांचा वास घेतला. मागे फिरली.

"गेलं," धाकटे ओठांतल्या ओठांत म्हणाले.

तिला हाकलायला थोरले अर्धे उठले. धाकट्यांनी त्यांची बाही धरून खाली बसवलं आणि धरूनच ठेवली.

डोंगरावरून नराचा आवाज आला, खरखरीत, एकदाच. मादीनं कान वळवले. परत आली. नाक खुपसलं, मग मान, मग खांदे. सळ्या वाकल्या, खळ्ळकन आवाज झाला, आणि ती पलीकडच्या उंच गवतात पोटापर्यंत बुडून उभी राहिली. वळून तिनं परत यायचा प्रयत्न केला. टोकं लागली. तिनं एकदा नाक फुरफुरलं आणि खाली मान घालून चरायला लागली.

पाठीमागून दुसरी गेली. मग दोन पाडसं, एकमेकांना ढकलत. मग खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. मोजणी बोटांवर मोजत होती. आक्का ओठांनी. काकी मोजत नव्हती; ती ज्या फटीतून बघत होती तिच्यातून फक्त रोपांच्या ओळी दिसत होत्या, आणि त्या हळूहळू रिकाम्या होत होत्या. मधे कुणी नव्हतं. नुसत्या ओळी.

शेवटचा आवाज होऊन बराच वेळ गेला तेव्हा धाकट्यांनी श्वास सोडला. तो तीन वर्षं कोंडलेला असावा इतका लांब होता.

"तेवीस," ते म्हणाले.

"बावीस," थोरले म्हणाले.

"तेवीस रे. पाडसं दोन होती शेवटी."

"एक. दुसरी सावली होती."

"सावलीला शेपूट कधीपासून असते?"

"सावलीलाच असते! तू चष्मा कधी बदललास शेवटचा?"

"मोजणे, सांग यांना, किती?"

"माझे मधेच चुकले," मोजणी म्हणाली. ती मुद्दाम चुकली होती की खरंच, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"एक आत राहिलं असेल तर पुढच्या वर्षी कळेलच," थोरले म्हणाले. "बहर आला की बघ, खालची फांदी चाटलेली सापडेल."

"पुढच्या वर्षी नाही, याच वर्षी दाखवतो तुला. उद्या सकाळी ओळीओळीनं फिरू. आणि पुढच्या वर्षी तर मी ओढ्याकडची पट्टी पण लावणार आहे. तिथे येऊन मोज तू सावल्या."

"ओढ्याकडे पाणी साचतं. नासपती कुजेल तिथे."

"तीस वर्षं मी नासपती लावतोय, दादा."

"तीस वर्षं मी सांगतोय!"

आक्कांनी अर्जाची चौघडी करून पर्समध्ये टाकली आणि पेटीवरून उठल्या. दोघंही भाऊ आता उभे राहून, हातवारे करत, ओढ्याच्या पट्टीवरून तावातावानं भांडत होते आणि तिथल्या कुणालाही मध्ये पडावंसं वाटत नव्हतं.

"हे आता जेवेपर्यंत चालणार," आक्का म्हणाल्या.

"चालू दे," काकी म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती. "'पुढच्या वर्षी' म्हणाले. तुम्ही ऐकलंत ना आक्का? दोनदा म्हणाले."